सोनकीचं पुढं काय होते

पुस्तक झेरॉक्सच्या काचेवर पालथं घातलेलं होतं, यंत्रातला हिरवा उजेड त्याच्या पोटाखालून सरकायला लागला होता आणि नेमका तेव्हाच कौमुदीचा फोन वाजला. "मॅडम, मी अनुश्रीची मम्मी बोलून राहिली, इंदू. पोट्टीले काल भरती केलं. पीलिया निघाला. लय वाढला म्हणते डॉक्टर." कौमुदीनं अरे अरे म्हटलं, शाळेची काळजी करू नका म्हटलं, काविळीला उकळलेलंच पाणी द्या म्हटलं. शिक्षकांच्या तोंडी जे जे तयार असतं ते सगळं तिनं भराभर म्हणून टाकलं. पलीकडं इंदू सगळं ऐकून घेत होती, पण तिला हवं ते अजून यायचंच होतं हे तिच्या नुसत्या हं-हं वरून कळत होतं. "थे नाही मॅडम," ती शेवटी म्हणाली. "मले एक विचाराचं होतं. थे तुमच्या गोष्टीतली सोनकी आहे ना, आमच्या अनूले वाचाले दिली थे. आठव्या भागात तिले ताप आला म्हणते. तर तिचं पुढं काय होते?" आणि कौमुदी म्हणाली, "काही नाही हो. बरी होते ती." फोन बंद झाला. काचेवर जो नववा भाग पालथा पडला होता त्यात सोनकी मरत होती. दुकानदार विचारत होता, "मैडम, कितनी कॉपी?" कौमुदीनं झाकणाखालून पुस्तक ओढून काढलं, रहने दो भैया म्हणाली आणि बाहेर येऊन स्कूटीची किल्ली पर्सच्या सगळ्या कप्प्यांत शोधत बसली. किल्ली स्कूटीलाच होती.

तेलीबांध्याच्या तलावाकडं वळताना ती स्वतःशी वाद घालत होती. आजारी लेकराच्या आईला दुसरं काय सांगायचं असतं? कोणीही हेच म्हटलं असतं. उद्या पोरगी बरी होऊन शाळेत येईल, तेव्हा इंदूला समोर बसवून सांगता येईल की ताई, गोष्ट ही गोष्ट असते, पात्र वाट्याला आल्यानं त्याचं नशीब लागत नाही. हे तिला छान सांगता आलं असतं. ग्रहणाच्या दिवशी वर्गात बिस्किटांचे पुडे फोडून सगळ्यांना खायला लावणारी बाई होती ती, शाळेत त्यावरून तिची थट्टाही व्हायची. मग आज ते का सांगितलं नाही? फोनवरचं उत्तर फार लवकर आलं होतं, हीच गोष्ट खुपत होती. विचार करून दयाळूपणानं बोललेलं खोटं वेगळं. हे तसं नव्हतं. विस्तवावरून हात मागे यावा तसं ते आलं होतं, आणि हात मागे आल्यावर कळलं होतं की भाजतंय. नव्या इमारतींच्या काचांवर ऊन पेटलं होतं, राजधानी झाल्यापासून या रस्त्याला दर वर्षी एक नवा चौक फुटत होता, आणि तिला एकाएकी वाटलं की आपण चुकीच्या वळणावर आलो. आली नव्हती. घर समोरच होतं.

शाळा मराठी समाजाची, पण मराठी आता तिथं पाहुण्यासारखी राहत होती. नागपूर-भंडाऱ्याकडून रेल्वेच्या, कचेऱ्यांच्या नोकऱ्यांपायी या हिंदी मुलखात आलेल्यांची ही नातवंडं. मराठी कळायची सगळ्यांना, उत्तर द्यायची हिंदीत. आठवीची ती मूठभर मुलं पाठ्यपुस्तक उघडलं की जांभया द्यायची, म्हणून दिवाळीनंतर कौमुदीनं एक जुनी किशोर कादंबरी काढली. कुठल्याशा खेड्यातल्या मास्तरांनी लिहिलेली, दुकानात आता न मिळणारी. प्रत एकच, तिची स्वतःची. आठवड्याला एका भागाच्या झेरॉक्स काढायच्या आणि मुलांनी आपापल्या पात्राचं बोलणं मोठ्यानं वाचायचं, मधलं निवेदन तिनं, अशी तिची पद्धत. एकदा मिळालेलं पात्र शेवटपर्यंत बदलून मिळणार नाही, हा नियम. गोष्ट बाजारात फुटाणे-मुरमुरे विकणाऱ्या भिकू आणि सोनकी या भावंडांची. सोनकी तोंडाची फटकळ, बाजारातल्या मोठमोठ्या शेटजींना पाणी पाजणारी. ती कौमुदीनं अनुश्रीला दिली होती. का, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. अनुश्री गुढियारीची, बाप मालधक्क्यावर कारकून, वर्गात असून नसल्यासारखी. पण पहिल्याच दिवशी तिनं सोनकीची पहिली शिवी अशी काही हासडली की वर्ग हबकला आणि मग बाकं बडवायला लागला. भिकू वाचणारा नीलेश तर तिच्यापुढं बिचाराच झाला. महिन्याभरात शाळेचा शिपाईसुद्धा तिला सोनकी म्हणू लागला. घरी फोन केला तर मैत्रिणी विचारत, सोनकी है क्या? ज्या पोरांना मराठीत पाणी मागता येत नव्हतं ती व्हरांड्यातून सोनकीच्या मराठीत भांडत जायची. कौमुदीला वाटायचं, आपण आयुष्यात एक तरी गोष्ट बरोबर केली. मग आला आठवा भाग, सोनकीच्या तापाचा. अनुश्रीनं तो बाकावर डोकं टेकून वाचला, शब्दांमध्ये दम घेत, ओठ ओले करत. संपल्यावर कौमुदी सगळ्या वर्गासमोर म्हणाली होती, "वा गं! अगदी खरा ताप आल्यासारखं वाचलंस!" पोरगी हसली होती. तिचे डोळे तेव्हा पिवळे होते काय? कौमुदीनं आठवून आठवून पाहिलं. तिला फक्त हसणं आठवत होतं.

तिचे वडील लहानूजी रेल्वेत फिटर होते आणि वस्तीत त्यांचा दरारा होता तो एकाच गोष्टीसाठी, ते कशालाही भीत नसत. तिठ्यावर कोणी उतारा टाकलेला दिसला की ते नारळ घरी आणून फोडायचे. बाबासाहेबांनी आपल्याला यातून बाहेर काढलं, आता परत त्या चिखलात पाय घालायचा नाही, हे ते जेवताना, दाढी करताना, सायकल पुसताना सांगायचे. कौमुदी तेरा वर्षांची असताना एकदा त्यांनी हळदकुंकू लागलेलं, टाचण्या टोचलेलं लिंबू रस्त्यावरून उचलून आणलं. टाचण्या काढल्या, लिंबू नळाखाली धुतलं आणि कलावतीला, तिच्या आईला, म्हणाले, "सरबत कर." आईनं निमूटपणे केलं. बाबांनी घटाघटा पिऊन पेला खाली ठेवला आणि दुसरा कौमुदीपुढं धरला. शेजारची चार माणसं दारातून पाहत होती. "पी बेटा. लिंबू आहे, दुसरं काय आहे?" ती प्यायली. हसत प्यायली. लोक चकित होऊन गेले, बाबांनी पाठीवर थाप मारली आणि ती थाप तिला इतकी आवडली की नंतर कित्येक दिवस पोटात कुठं काही हलतंय का हे ती एकटीच चाचपत राहिली, कोणाला बोलली नाही. बोलायचं कोणाला? भीती वाटते हे वाक्य त्या घरात कोणी उच्चारलेलंच नव्हतं, आईनंसुद्धा नाही. त्या वाक्याशिवाय ती मोठी झाली, बी.एड. झाली, मंत्रालयातल्या गौतमशी लग्न करून सातव्या मजल्यावर राहायला आली. लिफ्ट अडकली तरी ती लोकांना धीर द्यायची.

त्या आठवड्यात तिनं वर्गात व्याकरण काढलं. पुढच्या आठवड्यातही काढलं. मुलं कुरकुरली. "मैडम, सोनकी का क्या हुआ?" नीलेश रोज विचारायचा. तो भिकू होता, त्याला विचारायचा हक्कच होता. अनुश्री येईपर्यंत थांबू या, तिचं पात्र आहे ना, असं कौमुदी म्हणायची. हे कारण इतकं चांगलं होतं की तिला स्वतःलाच ते खरं वाटायचं. पण घरी जेवताना मध्येच तिचा घास हातात राहायचा. नववा भाग आपण वाचला आणि त्याच दिवशी दवाखान्यातून फोन आला तर? असं होत नसतं. हे तिला ठाऊक होतं, डोळे पिवळे होतात ते खराब पाण्यानं, पुस्तकानं नाही. ठाऊक असणं एका बाजूला बसलं होतं आणि ती दुसऱ्या बाजूला, आणि मधे कोणीच बोलायला तयार नव्हतं. अनुश्री दवाखान्यातून घरी आली असं कळलं, पण जेवत नाही, उठत नाही असंही कळलं. मग एका रविवारी दुपारी कौमुदीनं जेवणाच्या टेबलावर कोरे कागद घेतले आणि नववा भाग नवा लिहायला घेतला. त्यात सोनकीला गावचा डॉक्टर सुई देतो, सोनकी घामेजते, ताप उतरतो, सोनकी पेज मागते. गौतम पाणी प्यायला आला तेव्हा तिनं कागदांवर हात ठेवला. "काय व्हय? लेखिका झाली काय तू?" तो म्हणाला. "शाळेचं आहे," ती म्हणाली. "इतकी चिडून काहून राहिली मग?" तो हसून निघून गेला. चिडली नव्हती ती. लिहिताना तिला उलट हलकं वाटत होतं, आपण फोनवर बोललो ते आता खोटं उरणार नाही, एवढंच तिला दिसत होतं. मुलांचं मन सांभाळायला हवं, तेरा वर्षांचं वय नाजूक असतं, असं ती उद्या कोणी विचारलं तर सांगणार होती. झेरॉक्सच्या दुकानातल्या पोरीकडून तिनं ते टाईप करून घेतलं आणि सगळ्यांपुरत्या प्रती काढल्या.

वर्गात ते वाचन फसलं. सोनकीच्या जागी दुसरी एक मुलगी वाचत होती, तिचा काही दोष नव्हता. सोनकी उठून बसली, पेज प्यायली, भावाला म्हणाली, दादा, आता आपण कधीही भांडायचं नाही. मुलांनी एकमेकांकडं पाहिलं. मागच्या बाकावर कोणीतरी टाळ्या वाजवल्या आणि लगेच थांबवल्या. नीलेश कागद उलटून पाहत होता, मागे अजून काही छापलंय का म्हणून. "मैडम, बहुत जल्दी ठीक हो गई," तो म्हणाला, आणि मग जरा रागानं, "वो भिकू को दादा कब से बोलने लगी?" कौमुदी म्हणाली, आजारपणानं माणूस बदलतं. तास संपायच्या आधीच पोरं दप्तरं भरायला लागली. त्या दिवशी व्हरांड्यात सोनकीच्या आवाजात कोणी भांडलं नाही. नीलेश गुढियारीतच राहायचा, त्याच्याजवळ तिनं अनुश्रीसाठी एक प्रत दिली आणि म्हटलं, तिला सांग, सोनकी बरी झाली. हे सांगताना तिला स्वतःचा आवाज फार गोड वाटला आणि तोच आवाज दिवसभर कानात चिकटून राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी इंदूचा फोन आला. या वेळी तिच्या बोलण्यात मॅडम हा शब्द फार कमी होता. "थे कागद काय पाठवले तुम्ही? वाचले तशी पोट्टी भिंतीकडं तोंड करून पडली आहे. रडून राहिली, सांगून नाही राहिली. कालपासून पाणीबी घेतलं नाही. तुम्ही या बरं." कौमुदीनं अर्धी रजा टाकली. निघताना तिनं पुस्तक पर्समध्ये घातलं, कशाला ते माहीत नसताना. गुढियारीच्या रस्त्यावर मालाचे ट्रक एकामागे एक अडकले होते, पोत्यांखालून हमाल वाट काढत होते, आणि तिला सारखं वाटत होतं की आपल्याला उशीर झाला आहे, कशाला ते समजत नव्हतं, पण झाला आहे.

घर दोन खोल्यांचं, स्वच्छ. पलंगावर अनुश्री खरंच भिंतीकडं तोंड करून पडली होती आणि तिच्या गळ्यात पीलिया उतरावा म्हणून घातलेली, झाडाच्या मुळ्यांची माळ होती, छातीपर्यंत लोंबलेली. इंदूनं चटकन चादर वर ओढली. "सासूबाईनं आणली मॅडम. डॉक्टरची दवाईबी चालू आहे." "राहू द्या," कौमुदी म्हणाली. आधी ती असं म्हणाली नसती, तिथल्या तिथं व्याख्यान झालं असतं. ती पलंगाच्या कडेला बसली. "अनुश्री. काय झालं बाळा?" मग भिंतीकडूनच आवाज आला, बारीक आणि कोरडा. "मैडम, मैं मरने वाली हूँ क्या?"

इंदू पुढं धावली. "काय बोलून राहिली तू! कोण म्हणलं तुले? डॉक्टरनं सांगितलं ना कमी होऊन राहिला, रिपोर्ट चांगली आली..." अनुश्री वळली. डोळे अजून पिवळे होते, पण पाहणं लख्ख होतं. तिनं उशीखालून ते कागद काढले. "ये किताब का नहीं है। किताब की झेरॉक्स में बीच में काला पट्टा आता है, जहाँ से किताब मुड़ती है। इसमें नहीं है। और सोनकी ऐसे नहीं बोलती। मुझे मालूम है कैसे बोलती है।" तिला दम लागला, ती थांबली, पण कोणी मध्ये बोललं नाही. "सोनकी मरती है ना? सब लोग बोलते हैं ठीक हो जाएगी, ठीक हो जाएगी। पापा बोलते हैं और बाहर जाकर रोते हैं। मैं सोची थी, किताब में तो वही होगा जो लिखा है। फिर आपने भी बदल दिया। मैं मरने वाली नहीं होती तो आप काहे को बदलते?"

कौमुदीला आधी वाटलं, हे तर सोपं आहे, याचं उत्तर आहे आपल्यापाशी. नाजूक वय, मन सांभाळणं, वगैरे. वाक्यं ओळीनं उभी होती. ती पोरगी तिच्या तोंडाकडं पाहत होती, डॉक्टरकडं पाहावं तसं, ओठ हलायच्या आधीच त्यांत काय आहे ते वाचत. आता एक गोड शब्द बोललो तर ही तो विकत घेणार नाही, आणि पुन्हा कधीच कोणाचा घेणार नाही. तिला तेरा वर्षांच्या वयातला तो सरबताचा पेला आठवला. दारात चौघं पाहत उभे नव्हते, पाठीवर थाप मारायला कोणी नव्हतं, आणि वडिलांच्या घरी कोणी कधी न उच्चारलेलं ते वाक्य निघालं; निघताना त्यानं तिची शाळेतली मराठीही बरोबर घेतली नाही. "सोनकी मरते," ती म्हणाली. "पुस्तकात मरते. तू नाही मरून राहिली. तुझ्या रिपोर्टशी याचा काही संबंध नाही. मी बदललं, कारण मले भेव वाटलं." ती थांबली. "तुझ्या मम्मीनं विचारलं आणि मले भेव वाटलं. लहान पोट्टीसारखं. बाकी काहीच कारण नव्हतं."

"आपको?" अनुश्री म्हणाली. "आप तो ग्रहण में बिस्किट खाते हो।" "खाते," कौमुदी म्हणाली, "आणि मग दिवसभर पोट चाचपते." हे खरं होतं, हे तिलाही बोलताना कळलं. अनुश्री तिच्याकडं पाहत राहिली. कोणा मोठ्या माणसाचं खरं पहिल्यांदा हाती लागल्यावर पोरं जशी ते फिरवून फिरवून पाहतात, तसं ती पाहत होती. मग ती कोपरावर उठली. "सचमुच वाला लाए हो?" कौमुदीनं पर्समधून पुस्तक काढलं, पण दिलं नाही. इंदूकडं पाहिलं. तिचं घर होतं, तिची पोर होती, आणि गोष्टीला भिऊन फोन तिनंच केला होता. इंदू दाराला धरून उभी होती. तिच्या चेहऱ्यावर राग होता, तो कौमुदीला योग्यच वाटला. "मॅडम, तुमाले भेव वाटते तर मग आमाले काय म्हणाचं?" इंदू म्हणाली. "मम्मी, मेरा पार्ट है," अनुश्री म्हणाली. "दूसरी लड़की ने पढ़ा उस दिन। नीलेश बोला एकदम बेकार पढ़ी।" इंदूनं डोळे पुसले, पदर खोचला, स्वयंपाकघराकडं वळली, परत फिरली. "वाच," ती म्हणाली. "पण मी इथंच बसते."

नीलेश नव्हता म्हणून भिकू कोणी वाचायचा हा प्रश्न आला. कौमुदी वाचणार होती, पण अनुश्रीनं मान हलवली. "आप तो बीच का पढ़ते हो। भिकू मम्मी पढ़ेगी।" इंदू नको नको म्हणाली, मले मराठी वाचता येते पण हळू येते म्हणाली, आणि तरी पलंगावर पोरीला टेकून बसली, पुस्तक दोघींच्या मांडीवर. कौमुदीनं त्यावर वाकून वाचायला सुरुवात केली. आठवड्याचा बाजार, पालाच्या मागं पोत्यांवर पडलेली सोनकी, समोर गिऱ्हाईक करणारा भिकू. अनुश्रीची पाळी आली. ती सोनकीच्या आवाजात बोलली, तापलेल्या नव्हे, फटकळ, नेहमीच्या. "भिक्या, मापात अंगठा नको घालू. पाहून राहिली मी." तेवढंच होतं. सोनकीचं पुस्तकातलं शेवटचं बोलणं. कौमुदीनं पुढचं वाचलं, की गिऱ्हाईक पांगलं, उन्हं कलली, एक कुत्रं येऊन पोत्यांजवळ हुंगून गेलं, आणि भिकूनं पाठ न वळवता हाक मारली. इथं इंदूचं होतं. तिचं बोट ओळीखाली थांबलं होतं, ओठ हलत होते, आवाज निघत नव्हता. कौमुदीनं पुस्तकाकडं हात नेला, नको, मी वाचते, असं म्हणायला. अनुश्रीनं तो हात बाजूला सारला आणि आईला कोपरानं ढोसलं. "मम्मी, तुम्हारी बारी है।"

"सोनके," इंदूनं वाचलं, जेमतेम ऐकू येईल असं. "सोनके, ऊठ. बाजार उठला."

"ऐसे नहीं मम्मी," अनुश्री म्हणाली. "ज़ोर से। वो मर गई है ना, पर भिकू को अभी मालूम नहीं है।"

आणि इंदूनं, पोरीच्या खांद्याला घट्ट धरून, मोठ्यानं हाक मारली.